धान पाखडणारा गिटारवाला

रेल्वेतल्या माणसाजवळ एवढे किस्से काऊन असतात, असं मला नेहमी कोणीतरी विचारतं. अहो, गाडी लेट झाली की माणसानं करायचं काय? गोंदिया जंक्शनवर मोठी लाइन लेट आणि छोटी लाइन तिच्याहून लेट! माणसं बाकड्यावर टेकायची, विडी पेटवायची, एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला चेव यायचा. तसे साचत गेले. पण गाड्यांचे किस्से कोणीही सांगेल. मी सांगतो ते आमच्या नाटकमंडळीचे, आणि त्यातही मी गिटार पाखडायची सोडून बोटांनी वाजवायला शिकलो त्या एका वर्षाचे. हसू आलं तर हसा. आम्हाला तेव्हा फारसं येत नव्हतं.

* * *

मंडळी म्हणजे चार डोकी धरा. भाऊराव मास्तर शाळेत गणित शिकवायचे, पेटी वाजवायचे आणि नाटकंही तेच लिहायचे. बाबूलाल दिवसा विडी कारखान्यात आणि संध्याकाळी तबल्यावर. सदाशिव माझ्या मुर्री गावचाच, पार्सल ऑफिसात हमाल, आणि आमच्या प्रत्येक नाटकातली नायिका! तेव्हा आमच्याकडे बायका स्टेजवर नुकत्या कुठे येऊ लागल्या होत्या. सदाशिवनं लुगडं नेसून पदर सावरला की पुढे बसलेल्या बायाच म्हणायच्या, "बाप्पा, आमाले काऊन असं जमत नाही?" चौथा मी, गणपत, त्याच पार्सल ऑफिसात क्लर्क.

गिटार मला दिली छोट्या लाइनच्या पीटर गार्डसाहेबांनी. त्यांनी नवी घेतली होती, आणि घरात दोन गिटारी झाल्या म्हणून मेमसाहेब त्यांना जेवू देत नव्हती. जुनी माझ्या गळ्यात पडली. तीन-चार सूर कसे धरायचे ते त्यांनी दाखवलं. मी तुटक्या कंगव्याचा तुकडा चिमटीत धरून सगळ्या तारांवरून हात वर-खाली, वर-खाली फिरवायला शिकलो. झणाण झणाण! गोंदियात कुठल्या नाटकात गिटार होती सांगा? मास्तरांनी जाहिरातीच्या कागदावर सदाशिवच्या नावाच्या वर माझं नाव टाकलं.

पहिल्या प्रयोगानंतर मी छाती फुगवून बाबूलालला विचारलं, "कसं वाटलं?"

तो तबल्यावर पावडर टाकत म्हणाला, "अच्छा था यार. बस इतना बता, धान पाखडून झालं का आणखी एक सूप बाकी आहे?"

* * *

त्या उन्हाळ्यात सदाशिवला टायफॉइड झाला. माणूस वाचला, बोलणंही परत आलं, पण गाण्याचा आवाज पार बारीक होऊन आला. तो म्हणायचा, "आवाज येईन रे हळूहळू." आम्हीही तेच म्हणायचो.

दरेकशाला प्रयोग होता. स्टेशनजवळच मैदान, मागे जंगल, लाकूड तोडणारी माणसं दुरून दुरून आलेली. भोंगा-बिंगा काही नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात जेवढं गळ्यात तेवढं लोकांना. नाटक छान रंगलं. शेवटी नायिका मरताना गाते, ते गाणं आलं. मास्तरांची पेटी, बाबूलालचा तबला आणि माझं पाखडणं! सदाशिवचं तोंड हलत होतं, आणि आम्हा तिघांनाही त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज!" मग दुसरा ओरडला, "अगा, बाई मेली का पयलेच?"

सगळं मैदान हसलं. सदाशिव तसाच गात राहिला आणि वेळेवर मेला. पण पडदा पडल्यावर तो उठेना. मास्तर हलवायला गेले तर म्हणाला, "थांबा मास्तर. लोकं जाऊ द्या."

* * *

ही गोष्ट दवनीवाड्याच्या पाटलांच्या कानावर गेली नसती तर नवल. दिवाळीनंतर दवनीवाड्याची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि मंडईत दोन दिवस आमची दोन नाटकं, असं दरवर्षी ठरलेलं. पाटील पोळा झाल्यावर आमच्या प्रॅक्टिसला येऊन बसले. मरतानाचं गाणं पूर्ण ऐकलं. पानाची पिंक टाकून आले आणि सरळ म्हणाले, "मास्तर, यंदा नागपूरची बाई आना."

मास्तर म्हणाले, "पाटील, सदाशिव आजारातून उठलाय. दोन महिने आहेत अजून."

"माह्या डोक्यात त्याच्याबद्दल वाईट काई नाही. पन मंडईले सारे पावने येते. मांगच्याले आयकू नाही आलं त लोकं मले शिव्या देईन." थोडा विचार करून ते म्हणाले, "असं करू. पयल्या दिवशी सदाशिव. मी एकदम मांगे बसतो. ते मरतानचं गानं मले मांगे आयकू आलं त दुसऱ्या दिवशीबी तोच. नाही त नागपूरची बाई मी आनूनच ठेवतो. तोंड रंगवून तयार बसंन."

सदाशिव तिथेच लुगड्याची घडी करत होता. त्यानं घडी पूर्ण केली, ट्रंकेत ठेवली आणि म्हणाला, "बराबर हाये पाटील."

घरी जाताना मात्र सायकल हातात धरून तो माझ्यासोबत पायीच चालला. म्हणाला, "गणपत, दिवसभर पार्सलं उचलतो ना मी, ते संध्याकाळच्या भरोशावर उचलतो. मले काढलं त मी नाटक पाहालेबी येनार नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी मी पीटरसाहेबांच्या क्वार्टरवर. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बजाओ." मी पाखडलं. त्यांनी हात पुढे करून माझा कंगव्याचा तुकडा मागितला, नीट पाहिला, आणि खिडकीतून बाहेर कोंबड्यांत फेकून दिला!

"बाबू, तुम गानेवाले के मुँह पर कंबल डालता है. उंगली से बजाओ. एक तार, फिर एक तार. बीच में जगह छोड़ो. वो जगह में गानेवाला आएगा."

मग त्यांनी हात दाखवला. अंगठा जाड्या तारांवर, तीन बोटं बारीक तारांवर, एकेक बोटाला एकेक तार. "अंगूठा इंजन है, उंगली डिब्बा है. इंजन रुका तो सब रुका. पहले खाली इंजन चलाओ."

झालं! पुढचे कितीतरी दिवस मी नुसता अंगठा चालवत होतो. जेवताना ताटावर, निजताना उशीवर, सायकलच्या दांड्यावर. आणि ऑफिसात?

ऑफिसात एक दिवस तेंदूपत्त्याची पोती वजनाला आली. मी एका हातानं लिहीत होतो आणि दुसरा हात काट्याच्या फळीवर टेकलेला. अंगठा आपला चालूच! व्यापारी काट्याकडे बघतोय, काटा वर-खाली, वर-खाली. एकदम ओरडला, "अरे बाबूजी, अंगूठा! काँटे पर अंगूठा रखता है!"

आता पार्सल क्लर्कचा अंगठा काट्यावर सापडला म्हणजे काय, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. माणसं जमली. इन्स्पेक्टर नेमके त्याच दिवशी आलेले. नोकरी गेली असंच मी धरलं. मी म्हटलं, "साहेब, मी गिटार शिकून राहिलो." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ते खोटं वाटायला लागलं! तेवढ्यात सदाशिव पोतं टाकून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, खरंच हाये. माह्यासाठी शिकून राहिला." आणि साहेबांसमोर पुरी हकिकत सांगितली.

साहेबांनी पोतं पुन्हा तोलायला लावलं. मला हात वर करून उभं केलं. वजन बरोबर भरलं. जाता जाता साहेब म्हणाले, "बाबू, पंधरवड्यानं परत येईन. तेव्हा वाजवता आलं पाहिजे. नाही आलं, तर ती चोरीच होती असं मी समजेन!"

* * *

अंगठा चालू लागला, मग बोटं. आणि तेव्हा कळलं की पाखडण्यात किती पाप झाकलं जातं! डाव्या हाताचं एखादं बोट तारेवर अर्धवट बसलं असेल तर झणाण्यात कोणाला कळतं? बोटांनी वाजवायला लागलात की तीच तार भर सभेत "थप्" करते. अंगठा पुढे गेला तर बोटं मागे राहतात, बोटांकडे पाहावं तर अंगठा थांबतो. मी रडकुंडीला आलो होतो, सांगतो ना.

तरी प्रॅक्टिसला मी ऐटीत जाहीर केलं, "आज मरतानाचं गाणं बोटांनी. मास्तर, पेटी नको. बाबूलाल, तबला नको. फक्त मी आणि सदाशिव."

मास्तर हात बांधून बसले. मी डोळे मिटून सुरू केलं. थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "हं, कर सुरू."

"वाजवून राहिलो ना मास्तर!"

बाबूलाल उठला, माझ्याजवळ आला, गिटारीला कान लावला आणि मास्तरांना म्हणाला, "हाँ, बजा रहा है."

मास्तर फार शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "गणपतराव, सदाशिव ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला बोटांनी शिकायला लावलं. आता तुम्ही ऐकू येत नाही, तर कोणाला काय शिकायला लावू?"

* * *

पीटरसाहेबांनी उपाय सांगितला, नखं वाढव. उजव्या हाताची. नखानं छेडली की तार खणखणीत बोलते. मी वाढवली. घरी आईचा रोज पट्टा सुरू. "घरात अवदसा आनतो का रे? आनि उजव्याच हाताची काऊन? डावा हात काय सावत्र हाये?" मी ऐकून घ्यायचो, पण नखं जपायचो. पार्सलची गाठ सोडायची असली तर सदाशिव धावत यायचा, "तू ठेव, मी सोडतो!" एका हमालानं एका क्लर्कची नखं एवढी जपलेली साऱ्या रेल्वेत कोणी पाहिली नसतील. आणि खरंच, आवाज निघायला लागला! गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधे मी तीच चाल तारांवर वाजवायला लागलो, अंगठा खाली चालू ठेवून. मास्तरांनी मान डोलावली. आता पाटील मागे बसोत नाहीतर झाडावर बसोत, असं आम्हाला वाटू लागलं.

दिवाळीच्या तोंडावर आमचे म्हातारे चुलत आजोबा गेले.

भाऊकीचं सुतक. दहाव्याला सारे पुरुष तलावावर जमले. वडील मागेच गेलेले, आमच्या घरचा पुरुष मीच. न्हाव्यानं डोकं केलं, मिशा काढल्या. मग नराणी काढून म्हणाला, "हात." मी डावा पुढे केला. त्यानं पाचही नखं काढली.

"आता उजवा."

मी उजवा हात पंच्यात लपवून बसलो. काका समोरच होते. "काऊन गा?"

"काका, तेरवी झाली की लगेच मंडई हाये. सदाशिवचं गानं..."

"मेल्या मानसापेक्षा मंडई मोठी झाली का?" काकांचा आवाज चढला. सारी भाऊकी माझ्याकडे बघू लागली. न्हावी नराणी धरून थांबलेला. एका बाजूला आजोबा, एका बाजूला सदाशिव, आणि मधे माझी ती मेली नखं!

मागून सदाशिवच बोलला. गावचा म्हणून तोही दहाव्याला आलेला. "काप गणपत. म्हाताऱ्यानं मले खांद्यावर बसवून मंडई दाखवली होती लहानपनी. काप मुकाट्यानं."

मी हात पुढे केला. सदाशिव तलावाकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी तसाच तुळतुळीत पीटरसाहेबांकडे गेलो. मेमसाहेबनं दार उघडलं आणि किंचाळली! साहेब बाहेर आले, माझं डोकं पाहिलं, बोटं पाहिली आणि म्हणाले, "नाखून गया तो गया. चमड़ी तो है ना? पुल के पास बजाओ." तारा जिथे लाकडावर बसतात ना, त्या पट्टीला ते पूल म्हणायचे. तिथे तारा कडक असतात, आवाज जास्त निघतो आणि बोटं सोलून निघतात. मी तेरवीपर्यंत तिथेच वाजवलं. आई काही न बोलता रोज बोटांना हळद लावायची. एकदाच म्हणाली, "हाच डावा हात असता त एवढं दुखलं नसतं."

* * *

दवनीवाडा. मंडईला ही गर्दी! नाटकाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नाही. पाटील सांगितल्याप्रमाणे थेट मागे, बैलगाडीच्या जुवावर बसलेले.

आणि आत, रंगपटात, नागपूरची बाई. खरंच तोंड रंगवून, लुगडं नेसून, ट्रंकेवर तयार बसलेली. आम्हाला वाटलं होतं नाक उडवेल. कसलं काय! सदाशिव एंट्रीला निघाला तर त्याला थांबवून म्हणाली, "पदर सुटतोय तुमचा," आणि आपल्या खांद्याची पिन काढून त्याला लावून दिली. सदाशिव म्हणाला, "बाई, तुमाले लागन ना उद्या." ती म्हणाली, "उद्याचं उद्या." मला तिचा राग करायचा होता, तोही नीट करता येईना.

नाटक चढत गेलं. बोलणं सदाशिवनं खणखणीत पेललं, पण अंकागणिक गळा बसत चालला होता. पडदा पडला की मी आत जाऊन त्याला कोमट पाणी द्यायचो. शेवटच्या अंकाआधी त्यानं पेला परत दिला आणि नुसती मान हलवली.

मरतानाचं गाणं आलं. मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवले. बाबूलालनं तबल्यावर चादर टाकली. माझा अंगठा सुरू झाला.

पहिलं कडवं सदाशिव गायला. बारीक, पण गायला. पुढचे लोक गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. मधली चाल मी वाजवली. त्यानं दुसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडलं.

आवाज नाहीच!

ओठ हलले, गळ्याची शीर ताठली, आणि नुसता वारा बाहेर आला. तो माझ्याकडे बघत होता. माझी बोटं थिजली, पण अंगठा चालूच होता, तेवढं नशीब. मास्तरांचा हात पेटीकडे गेला. पेटी वाजली की संपलं, सदाशिव गेला, हे साऱ्यांना कळणार! मास्तरांनी पेटीवर हात ठेवला, सदाशिवकडे पाहिलं, आणि हात उचलून परत मांडीवर घेतला. मला डोळ्यांनी म्हणाले, चालू दे.

मग मी मधली चाल पुन्हा धरली आणि थांबवलीच नाही. खाली अंगठा चालू, आणि त्याच्या शब्दांच्या जागी माझी सोललेली तीन बोटं. सदाशिव ओठ हलवत होता, पदर सावरत होता, मरत होता. कुठेही "आवाज!" आला नाही. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. त्यानं मान टाकली. पडदा पडला.

टाळी नाही. काहीच नाही. मी गिटार तिथेच सोडून आत पळालो. सदाशिव अजून जमिनीवरच पडलेला, डोळे मिटून. नागपूरची बाई विंगेत त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. गाणं सुरू झालं तेव्हापासून ती तिथेच होती.

पाटील लोकांतून वाट काढत आत आले. नाक पुसत होते. आधी बाईंना म्हणाले, "बाई, तुमी जेवून घ्या. सकाळी गाडी जुपून देतो." मग मास्तरांकडे वळले. "उद्याबी हाच. हळू गाते, पन मास्तर, मले थेट मांगे शब्द न् शब्द आयकू आला!"

सदाशिवनं डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "मलाही."